बुद्धगयेचे मंदिर कोणाच्या हाती?

बिहारमध्ये निरंजना नदीच्या परिसरात उभे असलेले महाबोधी मंदिर हे जगभरच्या बौद्धांचे परमपवित्र स्थान होय. लुंबिनी, सारनाथ आणि कुशीनगर येथेही यात्रिक जातात. परंतु गौतमाचा बुद्ध झाला तो बुद्धगयेच्या पिंपळाखाली. त्या जागेचे पहिले मंदिर सम्राट अशोकाचे मानले जाते. आजचे सुमारे ५० मीटर उंचीचे विटांचे शिखर गुप्तकालीन परंपरेतले. मूळ वृक्ष केव्हाच गेला. त्याच्या जागचा जुना पिंपळ १८७६ साली कोसळला आणि पुढे तेथे नवे रोप लावण्यात आले. भाविकाला त्याने फरक पडत नाही. गळालेले एखादे पान तो पोथीत जपून घरी नेतो.

या यात्रिकांत तिबेटी भिक्षू असतात, सिंहली उपासक असतात आणि विदर्भ-मराठवाड्यातील मराठी कुटुंबेही असतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिल्यानंतर या समाजाला जी तीर्थे लाभली, त्यांत बुद्धगया अग्रभागी. ज्यांच्या वाडवडिलांना गावच्या देवळाची पायरीही वर्ज्य होती, त्यांना हे मंदिर आपले वाटते, यात नवल ते काय?

पण कायद्याच्या दृष्टीने ते पुरते त्यांचे नाही. १९४९ च्या बुद्धगया मंदिर कायद्यान्वये व्यवस्थापन समितीवर चार बौद्ध व चार हिंदू सभासद असतात आणि अध्यक्षपद गयेच्या जिल्हाधिकाऱ्याकडे असते. हा अधिकारी हिंदूच असावा, ही अटही २०१३ पर्यंत कायम होती! अनागारिक धर्मपाल १८९१ साली येथे आले, तेव्हा मंदिर शैव महंतांच्या ताब्यात होते. ताब्याचा तो वाद कायद्याने निम्मा सोडविला, निम्मा गोठविला. १९९२ साली नागपूरचे भदंत सुरई ससाई यांनी आंदोलन उभारले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्षू पुन्हा उपोषणास बसले.

बुद्ध हा विष्णूचा अवतार आणि बोधिवृक्षाखाली पिंडदानाची प्रथाही जुनी, असा प्रतिवाद केला जातो. प्रथा जुनी आहे हे खरे. तथापि पूजेची मुभा ही एक गोष्ट आणि कारभाराचा अधिकार ही दुसरी. पिंडदानास येणाऱ्यास कोणी अडवू नये. त्यासाठी समितीत निम्म्या जागा राखण्याचे कारण काय? हा कायदा बिहार विधिमंडळाने केलेला आहे. २०१३ साली त्याच विधिमंडळाने अध्यक्षाच्या धर्माची अट काढून टाकली. सभासदांविषयीचे कलमही त्याला बदलता येईल.