सातबाऱ्यावर वारसांची नावे लावताना

घरातला कर्ता माणूस गेला की बँकेचे खाते, विमा, पेन्शन यांच्यामागे आपण लगेच लागतो. सातबारा मात्र मागे राहतो. जमीन कुठे जातेय, असे वाटते. पण शेतांचे भराभर प्लॉट पडत असलेल्या कळंब्यासारख्या गावात हे दुर्लक्ष महागात पडते. पीककर्ज, अतिवृष्टीची भरपाई, रस्त्यासाठीच्या भूसंपादनाची नोटीस या सगळ्यांसाठी आधी सातबाऱ्यावरचे नाव बघितले जाते. ते नाव मयताचे असेल, तर हक्क असूनही वारसांना हेलपाटे घालावे लागतात.

आधी उतारा पाहावा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा कोल्हापूर, तालुका करवीर निवडल्यावर पहिली चूक होते ती गावाची. कळंबे तर्फ ठाणे आणि कळंबे तर्फ कळे ही दोन वेगळी गावे आहेत. तलावाचे आपले कळंबा म्हणजे तर्फ ठाणे. महाभूलेखवरचा मोफत उतारा फक्त बघण्यापुरता असतो. कामासाठी महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा उतारा घ्यावा.

सोबत आठ-अ काढावा. एका खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनी त्यात एकत्र दिसतात. नाहीतर मोठ्या गटाला नावे लागतात आणि ओढ्याकडेची चार गुंठे पट्टी तशीच राहते.

सातबाऱ्याच्या वरच्या भागात, म्हणजे नमुना सातमध्ये मालकी, क्षेत्र आणि ‘इतर हक्क’ असतात. खालच्या नमुना बारामध्ये पिके असतात. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसले तर थांबावे. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या कुटुंबाची असून नाव एकट्या थोरल्याचे लागलेले असते. तो वारला की फक्त त्याच्याच मुलांची नावे चढतात आणि धाकट्या भावांची घरे कागदावरून नाहीशी होतात. त्यामुळे त्या भावांची किंवा त्यांच्या वारसांची नोंदही मागावी लागते.

मग अर्ज. खरेदीखत नोंदवले की त्याची माहिती दुय्यम निबंधकाकडून आपोआप तलाठ्याकडे जाते. मृत्यूची तशी जात नाही, ती आपणच तीन महिन्यांच्या आत कळवायची असते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून चावडीत किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करता येतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

सगळ्यात जास्त बिघडते ते इथे. वारसांच्या यादीतून आईचे नाव आणि लग्न झालेल्या बहिणींची नावे गाळली जातात. ‘तिला नकोच आहे’ हे भावाने सांगून चालत नाही. बहिणीला खरोखर हक्क सोडायचा असेल, तर तिला नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. नाव गाळणे हा तिच्यावर अन्याय आहेच, आणि पुढे जमीन विकताना हीच गोष्ट वर येऊन व्यवहार अडतो.

अर्ज घेतला की फेरफार, म्हणजे हक्कात झालेल्या बदलाची नोंद, धरली जाते. चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांनाही पाठवली जाते. हरकतीसाठी १५ दिवस असतात. परगावी राहणाऱ्या बहिणीचा जुनाच पत्ता दिला तर नोटीस तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि वाद तिथूनच सुरू होतो. हरकत आली तर सुनावणी होते. नसेल तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

नवा उतारा हातात आला की तिथेच उभे राहून वाचावा. नावाचे स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, क्षेत्र जुळते का, सगळे वारस आहेत का. निव्वळ लेखनाची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. नोंदीचा निर्णयच मान्य नसेल तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील.

इतर हक्कांत वडिलांनी घेतलेल्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसला आणि ते कर्ज फिटलेले असेल, तर तोही आपोआप उतरत नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला जोडून वेगळा अर्ज द्यावा. आणि नावे लागली म्हणजे वाटणी झाली असे नव्हे. कोणाचा तुकडा बांधाच्या कुठल्या बाजूला, हे ठरायला वाटप आणि भूमि अभिलेखची मोजणी लागते.