भाव, किंमत, दाम, मोल

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'किंमत' हा एकच शब्द सर्वत्र भेटतो. मागणी वाढली की किंमत चढते, पुरवठा वाढला की उतरते. आलेखातल्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे किंमत ठरते. पण हा आकडा तोंडाने उच्चारतो कोण आणि मुकाट्याने ऐकून घेतो कोण, हे त्या आलेखात दिसत नाही. बाजारात तर खरा प्रश्न तोच असतो, आणि मराठीने त्यासाठी वेगवेगळे शब्द राखून ठेवले आहेत. ते समानार्थी म्हणून पाठ करताना आपण त्या भाषेवर थोडा अन्यायच करतो, असे मला वाटते.

'भाव' आणि 'किंमत' यांच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. किंमत ठेवतात, लावतात, सांगतात, छापतात. या प्रत्येक क्रियेला कर्ता लागतो. भाव मात्र निघतो, फुटतो, चढतो, पडतो, कोसळतो. जणू पाऊसच! बाजार समितीतून परतलेल्या माणसाला गावात कोणी 'किती किंमत लावलीस?' असे विचारीत नाही. 'काय भाव मिळाला?' असेच विचारतात. माझे वडील कांदा पिकवतात. कांद्याची 'किंमत' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. खताच्या गोणीची किंमत मात्र ते अचूक सांगतात, कारण ती गोणीवरच छापलेली असते.

अर्थात भावही माणसेच बोलतात. पूर्वी तर ते उघडपणे बोलतही नसत. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून बोटे दाबायची आणि सौदा करायचा, ही रीत पुष्कळांनी पाहिली असेल. भोवती माणसांचा गराडा असला तरी आकडा दोघांनाच ठाऊक. व्यापाऱ्यांची आकड्यांची एक सांकेतिक बोलीही होती, तिला नंदभाषा म्हणत. तिच्यात केवली म्हणजे एक, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. माल ज्याचा, त्याच्याच समोर त्याच्या मालाचा आकडा बोलला जावा आणि तो त्याला कळू नये, अशी ही सोय! बाजार समित्यांत उघड लिलाव आले ते हा आडपडदा काढण्यासाठी. आता आकडा ऐकू येतो. पण बोली लावतो तो घेणारा. विकणाऱ्याने 'देतो' किंवा 'नाही देत' एवढेच म्हणायचे. आणि भाड्याने आणलेला टेम्पो बाहेर उभा असताना 'नाही देत' म्हणणे फार थोड्यांना परवडते.

याच्या दुसऱ्या टोकाला छापील किंमत आहे. वेष्टनबंद वस्तूंसाठी २०११ पासून लागू असलेल्या वैधमापन नियमांनुसार वेष्टनावर सर्व करांसहित कमाल किरकोळ विक्री किंमत छापावी लागते. यातला 'कमाल' हा शब्द महत्त्वाचा. दुकानदाराला त्याहून जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कोणाची हरकत नाही. पण आपण तो आकडा जणू वस्तूच्या अंगचाच गुण आहे असे समजून मोजून मोकळे होतो. वास्तविक तो उत्पादकाने स्वतः ठरवून छापलेला असतो. बटाट्याला भाव असतो. त्याच बटाट्याचे काप तळून पिशवीत भरले की त्याला किंमत येते.

'दाम' या शब्दाचा प्रवास मोठा लांबचा आहे. ग्रीकांचे द्राख्म हे नाणे, त्यावरून संस्कृतात द्रम्म, आणि त्यावरून दाम. शिलाहारांच्या लेखांत द्रम्म येतात. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचे नाणे होते आणि ४० दामांचा एक रुपया होई. म्हणजे दाम हा मुळात हातात पडणारा पैसा. नुसता बोललेला आकडा नव्हे. १९८० साली नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसासाठी आंदोलन झाले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा प्रसिद्धच आहे. घोषणेत 'दाम' शब्द आला तो 'घाम'शी यमक जुळते म्हणून असेल. पण अर्थानेही तोच नेमका बसतो.

'मूल्य' आणि 'मोल' हे तर एकाच घरातले. संस्कृत रूप शिकले-सवरले आणि जीवनमूल्ये, नैतिक मूल्ये अशा व्याख्यानांत जाऊन बसले. प्राकृत रूप मोलमजुरीला लागले, मोलकरीण झाले. ॲडम स्मिथने १७७६ च्या ग्रंथात पाणी आणि हिरा यांचे उदाहरण दिले आहे. पाण्यावाचून जगता येत नाही, पण त्याच्या बदल्यात काही मिळत नाही, हिऱ्याचे उलट. हा फरक शिकवताना मराठीत आणखी एक उदाहरण देता येईल : सल्ला 'मोलाचा' असतो तेव्हा तो अमूल्य असतो, आणि माणूस 'मोलाने' येतो तेव्हा तो स्वस्त असतो.

सरकारी कागदांतले शब्द निराळेच. 'हमीभाव' हा त्यांतला सर्वांत चमत्कारिक. जो भाव पावसासारखा पडतो त्याची हमी! २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. त्या हंगामात बाजारात सोयाबीन त्याहून कमी भावाने विकले गेले. खरेदी केंद्रावर नेण्याआधी नोंदणी करावी लागते आणि माल ओला असून चालत नाही. ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती, ती त्या वर्षी १५ करण्यात आली. ज्याला दिवाळीपूर्वी देणी भागवायची असतात तो माल वाळेपर्यंत थांबत नाही.

शेवटी जमिनीबद्दल. येथे सांगितलेला आकडा कागदावर कायमचा राहतो. मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याची खोड खेड्यांत आणि शहरांत सारखीच आहे. 'दस्तातली किंमत' आणि 'खरी किंमत' हे दोन शब्दप्रयोग लोक सहज, न लाजता वापरतात. सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याने या प्रकाराला बराच आळा घातला. पण जेथे तक्त्यातला आकडा खऱ्या व्यवहारापेक्षा बराच खाली असतो तेथे ही खोड टिकून आहे. पुढे रस्ता किंवा धरण आले की भूसंपादन होते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे बाजारमूल्य ठरवताना मुद्रांकासाठीचा दर जसा पाहतात, तशीच आसपासच्या तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांतील खरेदीखतांतली किंमतही पाहतात. त्या वेळी 'खरी किंमत' कोणी विचारीत नाही. ज्याने आयुष्यात एकही गुंठा विकलेला नाही, त्याच्या जमिनीचा मोबदलाही शेजाऱ्यांनी दस्तात लिहून ठेवलेल्या त्या आकड्यांवरून काढला जातो.