एका रात्रीत बदललेले सोळा भाग

समुद्रावरून उडणाऱ्या विमानाचं मागचं दार उघडं आहे आणि जेमा सिमन्स ही तरुण शास्त्रज्ञ त्याच्या काठावर उभी आहे. तिला परग्रहावरच्या विषाणूची लागण झालीय. थोड्याच वेळात तिच्या शरीरातून ऊर्जेचा असा झटका निघेल की अख्खं विमान खाली येईल. बाकीच्यांना वाचवायचं म्हणून ती उडी मारते. तिचा जिवलग सहकारी फिट्झ पॅराशूट चढवायला धडपडतोय, पण घाईत पट्टे काही जुळत नाहीत. तेवढ्यात ग्रँट वॉर्ड हा एजंट पॅराशूट घेऊन तिच्यामागे झेपावतो, हवेतच तिला गाठतो, औषध टोचतो आणि दोघं सुखरूप खाली उतरतात.

‘एजंट्स ऑफ शील्ड’ या मार्व्हलच्या मालिकेच्या पहिल्या सीझनचा हा सहावा भाग. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर तो नोव्हेंबर 2013 मध्ये लागला. पुढच्या मे महिन्यातल्या एकविसाव्या भागात हाच वॉर्ड याच सिमन्सला, सोबत फिट्झलाही, एका बंद पेटीसकट उडत्या विमानातून समुद्रात टाकून देतो. या वेळी वाचवायला नाही, मारायला. कारण मधल्या काळात कळलेलं असतं की तो पहिल्या दिवसापासून शत्रूचा माणूस होता. (मालिका अजून पाहिली नसेल तर रहस्य फुटलं. इलाज नाही, हा विषयच रहस्य फुटण्याचा आहे.)

आता तो सहावा भाग परत लावा. एकही फ्रेम बदललेली नाही, तीच उडी, तेच औषध. पण आधी जिथे निखळ शौर्य दिसलं होतं तिथे आता प्रश्न उभा राहतो. हा माणूस खरंच तिच्यासाठी उडी मारतोय, की सगळ्यांचा विश्वास कमावतोय? की त्या क्षणी दोन्ही खरं आहे? चित्रीकरण होऊन, प्रसारण होऊन, लोकांनी नावं ठेवून झालेली गोष्ट मागे जाऊन बदलते, याची मला अजून गंमत वाटते.

आणि नावं लोकांनी मनसोक्त ठेवली होती, कारण अपेक्षाही तशाच होत्या. मार्व्हलच्याच 2012 च्या ‘द अव्हेंजर्स’ या चित्रपटाने जगभरात दीडशे कोटी डॉलरच्या वर धंदा केला होता. त्यात लोकी या खलनायकाच्या हातून मेलेला शील्डचा एजंट फिल कोल्सन प्रेक्षकांना इतका चटका लावून गेला की ‘कोल्सन जिवंत आहे’ अशी मोहीमच चाहत्यांनी चालवली. तोच कोल्सन, म्हणजे अभिनेता क्लार्क ग्रेग, मालिकेचा नायक म्हणून परत येणार होता. 24 सप्टेंबर 2013 चा पहिला भाग एक कोटी वीस लाखांच्या आसपास लोकांनी पाहिला. मे 2014 मध्ये सीझन संपला तेव्हा हा आकडा निम्म्याच्याही खाली घसरला होता.

तक्रारी साध्या होत्या. सुपरहिरोंच्या मालिकेत सुपरहिरोच नाहीत. दर आठवड्याला एक चमत्कारिक वस्तू सापडते, एक माणूस बिघडतो, चाळीस-बेचाळीस मिनिटांत प्रकरण मिटतं. वॉर्ड म्हणजे दाढी केलेला लाकडाचा ओंडका. ‘थॉर’चा दुसरा चित्रपट आला, त्यानंतर पंधरवड्याच्या आत मालिकेचा जो भाग आला त्याची सुरुवात तर बघा: लंडनच्या ग्रिनिचमध्ये देवांच्या मारामारीने झालेला राडारोडा आपले नायक हातमोजे घालून उचलताहेत! तिकडे सिनेमात विश्वाचा निकाल लागतोय आणि टीव्हीवर झाडलोट. खुद्द पात्रंही त्यावर कुरकुरतात. लेखकांना आपली जागा ठाऊक होती, हे निदान कळलं.

लेखकांना ठाऊक असलेली दुसरी गोष्ट मात्र त्यांना बोलता येत नव्हती. ‘कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर’ हा चित्रपट अमेरिकेत 4 एप्रिल 2014 ला, शुक्रवारी लागणार होता. त्याच्या कथेचा स्फोटच हा की जगाचं रक्षण करणारी ‘शील्ड’ ही संघटना आतून हायड्रा या शत्रूच्या संघटनेने पोखरलेली आहे आणि शेवटी ती कोसळते. म्हणजे जेड व्हीडन, मॉरिसा टँचरोएन आणि जेफ्री बेल हे तिघं जी मालिका चालवत होते तिच्या नावातलीच संस्था ऐन सीझनमध्ये दुसऱ्यांच्या चित्रपटात नष्ट होणार होती. तोवर ब्र काढायची सोय नव्हती. प्रचंड खर्चाच्या चित्रपटाचं रहस्य मालिकेच्या ठरल्या वारी, एखाद्या मंगळवारी, टीव्हीवर सांडून कसं चालेल?

अमेरिकी वाहिन्यांच्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सीझन बावीस भागांचा. एकीकडे भाग प्रसारित होताहेत, दुसरीकडे पुढचे लिहिले-चित्रित केले जाताहेत. सप्टेंबर ते एप्रिल, कथेचा मुख्य धागा न ओढता, माणसं बांधून ठेवायची. मग काय करणार? छोट्या छोट्या प्रकरणांवर वेळ काढणार. 8 एप्रिलला, चित्रपट लागून चारच दिवस झाले असताना, सतरावा भाग लागला आणि बांध फुटला. आपल्याच संघटनेतली माणसं एकमेकांवर बंदुका रोखतात. बिल पॅक्स्टनने रंगवलेला गप्पिष्ट जॉन गॅरेट हाच इतके दिवस शोधलेला खलनायक निघतो. त्याला बेड्या घालून विमानातून तुरुंगात नेलं जातंय. सोबत करड्या शिस्तीची अधिकारी व्हिक्टोरिया हँड, दोन पहारेकरी आणि वॉर्ड. हँड वॉर्डला सुचवते की याचा इथेच निकाल लावलास तरी चालेल. वॉर्ड पिस्तूल काढतो, दोन्ही पहारेकऱ्यांना गोळ्या घालतो आणि मग हँडला. गॅरेटच्या चेहऱ्यावर हसू.

ओंडका! सहा महिने ज्याला आपण ओंडका म्हणत होतो, तो ओंडक्याचं सोंग घेऊन बसला होता.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांचा शंभरेक वर्षांपूर्वीचा प्रयोग सिनेमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा, त्याला एकदा सूपची थाळी जोडली, एकदा शवपेटी. म्हणतात की बघणाऱ्यांना पहिल्यात भूक दिसली, दुसऱ्यात शोक. चेहरा कोराच असतो, त्यावरचा मजकूर शेजारचं चित्र लिहितं. वॉर्डच्या बाबतीत हे शेजारचं चित्र सोळा भागांनंतर आलं आणि मागच्या सगळ्या कोऱ्या चेहऱ्यांवर उलट दिशेने लिहीत गेलं. वॉर्ड रंगवणाऱ्या ब्रेट डाल्टनचा जो थंडपणा वाईट अभिनय म्हणून गणला गेला होता, त्याला अनेकांनी रातोरात पुरावा मानलं.

मग वाद पेटला, आणि तो अजून विझलेला नाही. एक पक्ष म्हणतो, पहिला सीझन रटाळच, उगाच शहाणपण सांगू नका. दुसरा म्हणतो, तुम्हाला कळलाच नाही. मला वाटतं, या दोघांनी एकच मालिका पाहिलेली नाही.

पहिला भाग ते सतरावा भाग या काळात 29 मंगळवार येतात. त्यातल्या 12 मंगळवारी नवा भाग नव्हता. ज्याने त्या वेळी पाहिलं त्याने कंटाळवाण्या भागानंतर आठवडा काढला, कधी त्याहून जास्त, आणि त्या आठवड्यात चिडचीड मुरत गेली. ज्याने नंतर सलग पाहिलं त्याला ते सोळा भाग अकरा-सव्वाअकरा तासांत संपले. सुट्टीचे दोन दिवस. कंटाळा यायच्या आत पुढचा भाग सुरू.

मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे हमखास आठवतो. लोकांना 14 अंश सेल्सियसच्या गार पाण्यात 60 सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या फेरीत तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30, फक्त त्या जादा वेळात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत नेलं. मग विचारलं, यातली कोणती फेरी परत कराल? बहुतेकांनी लांबलचक, म्हणजे एकूण जास्त त्रासाची फेरी निवडली, कारण तिचा शेवट जरा बरा होता. आठवण घड्याळाने मोजत नाही. ती सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट पकडून ठेवते. गार पाण्यावरून टीव्ही मालिकेवर जाणं ही माझी उडी आहे, पण या सीझनचा तीव्र क्षणही शेवटाकडे आहे आणि शेवटचे सहा भाग सर्वांत चांगले आहेत. ज्यांनी दहाव्या भागाच्या आसपास सोडून दिलं त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. त्यांचा निकाल त्यांच्यापुरता अगदी बरोबर आहे.

तरी दुसऱ्या पक्षाला मी पूर्ण सूट देणार नाही. ‘कंटाळवाणं होतं कारण मुद्दाम तसं ठेवलं होतं’ ही पळवाट फार सोयीची आहे. तिने कुठलीही वाईट मालिका धुऊन निघेल. वॉर्डचा कोरेपणा तिने उजळतो, मान्य. पण सुरुवातीच्या भागांतले पुठ्ठ्याचे खलनायक, तेच ते विमानातले संवाद, टीममधल्या स्काय या तरुणीच्या तोंडचे ओढूनताणून आणलेले विनोद, यांना हायड्राचं कुठलंही रहस्य वाचवत नाही. आणि सिमन्सच्या उडीचा तो सहावा भागच या पक्षाविरुद्धचा साक्षीदार आहे. तोही त्याच बंधनात लिहिला गेला. त्यात हायड्रा नाही, चित्रपटाशी आगाऊ दुवा नाही, आहेत फक्त काचेच्या दोन बाजूंना उभे असलेले दोन मित्र आणि संपत आलेला वेळ. तरी जीव टांगणीला लागतो. हे सहाव्या भागात जमत होतं, तर तिसऱ्यात आणि आठव्यात का नाही?

मालिका पुढे सात सीझन, 136 भाग चालली आणि ऑगस्ट 2020 मध्ये संपली. नव्याने सुरू करणाऱ्याला जुने चाहते हटकून सल्ला देतात: पहिले दहा-बारा भाग सोड, सरळ मधूनच लाव. सल्ला वेळ वाचवणारा आहे, पण त्याने घात होतो. ज्याने वॉर्डला सिमन्समागे उडी मारताना, फिट्झची थट्टा करताना, स्कायला ठोसे मारायला शिकवताना पाहिलेलं नाही, त्याच्या दृष्टीने सतराव्या भागात एक अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी बाईला गोळी घालतो, एवढंच घडतं.