कृतीतून शिक्षण : वर्गात आरंभ कसा करावा?

प्राथमिक शाळेतील मूल दिवसाचे पाच-सहा तास वर्गात घालविते. त्या वेळात ते स्वतः किती करिते आणि दुसऱ्याने सांगितलेले किती ऐकते, याचा हिशेब प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी मांडून पाहावा. पुष्कळ वर्गांत हा हिशेब मुलाच्या विरुद्ध जातो. शिक्षक बोलतात, फळ्यावर लिहितात, प्रश्नही तेच विचारतात आणि उत्तर न आल्यास तेच सांगतात. मूल शांत बसून असते. ती शांतता शिस्तीची असते, शिक्षणाची असतेच असे नाही. कृतियुक्त शिक्षणाचा विचार येथून सुरू होतो.

हा विचार बाहेरून आलेला नवा शिरस्ता आहे, असे काही शिक्षकबंधू-भगिनींस वाटते. वस्तुतः त्याचा मोठा प्रयोग आपल्याच किनारपट्टीवर झालेला आहे. प्रथम त्याची ओळख करून घेऊ; नंतर मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणच्या वर्गात आरंभ कसा करावा, ते पाहू.

बोर्डी आणि कोसबाड

भावनगर येथील दक्षिणामूर्ती बालमंदिर १९२० साली गिजुभाई बधेका यांनी सुरू केले. तेथे ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. मादाम माँटेसरी यांची पद्धती या मंडळींनी डोळसपणे स्वीकारली. परंतु तिची साधने महाग होती आणि खेड्यातील मुलांपर्यंत ती पोहोचणे कठीण होते. ही अडचण सोडविण्यासाठी ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

बोर्डीस आरंभी जो अनुभव आला तो आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. शाळा उघडली, तरी गरीब वस्तीतील मुले आपण होऊन येईनात. तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. त्यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना रूढ झाली आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ते नाव घरोघर पोहोचले. कोसबाडला गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून कुरणावरच शिकविणारी ‘कुरणशाळा’ निघाली. धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राही, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. विकत घ्यावयाच्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती व बांबू आले.

या सर्वांत एकच सूत्र आहे. मूल जेथे आहे, जे करीत आहे आणि जे त्याच्या हाताशी आहे, तेथून शिक्षणास प्रारंभ करावयाचा. कृतियुक्त शिक्षणाचा गाभा हाच होय. साधने त्यानंतर येतात.

कृती म्हणजे काय आणि काय नव्हे

महात्मा गांधींनी १९३७ साली वर्धा येथे नयी तालीमची योजना मांडली. हस्तव्यवसायाच्या द्वारे सर्व विषय शिकवावेत, असा तिचा आशय होता. पुढे काही शाळांत टकळी फिरत राहिली. परंतु सुताची लांबी मोजताना गणित, कापसाची माहिती घेताना भूगोल, असा जो अभ्यास तिच्याभोवती गुंफावयाचा होता तो मागे पडला. हात चालू राहिले आणि विचार थांबला. आजच्या उपक्रमांनाही हाच धोका आहे. वर्गातील भिंती तक्त्यांनी भरल्या, जमिनीवर रंगीत आकृत्या काढल्या, अधिकारी आले तेव्हा मुलांनी गाणे म्हटले. एवढ्याने शिक्षण कृतियुक्त होत नाही. तक्ता जर शिक्षकांनीच रात्री जागून तयार केला असेल, तर शिकले ते शिक्षक, मूल नव्हे.

कोणतीही कृती योजताना स्वतःस तीन प्रश्न विचारावेत :

(१) या कृतीपूर्वी मुलाच्या मनात काही प्रश्न उभा राहिला का?
(२) कृती करताना मुलाला स्वतः काही ठरवावे, मोजावे किंवा निवडावे लागले का?
(३) कृती संपल्यावर काय कळले, हे ते आपल्या शब्दांत सांगू शकले का?

तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर ती शिक्षणाची कृती होय. मिठागराचे छापील चित्र रंगविणे ही करमणूक आहे आणि तिलाही शाळेत जागा आहे. परंतु मीठ कसे होते, हे त्या चित्रावरून मुलास कळत नाही.

एक पाठ : मीठ कोठे गेले?

मीरा-भाईंदरच्या मुलांस मिठागरे परिचित आहेत. वसईच्या खाडीलगतच्या खाजणांत आगऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविले. आज त्यांच्याभोवती इमारती दाटल्या असल्या, तरी पांढऱ्या राशी कोणी ना कोणी पाहिलेल्या असतात. इयत्ता चौथीसाठी त्यावर आधारलेला एक पाठ पुढे दिला आहे. साहित्य इतकेच : शंभर ग्रॅम मीठ, एक लिटर पाणी, स्टीलची एक रुंद परात, एक तांब्या आणि किराणा दुकानातून थोड्या वेळापुरता आणलेला वजनकाटा. खाडीच्या पाण्यात आता सांडपाणी मिसळते, म्हणून ते वर्गात आणू नये. पिण्याचे पाणी वापरावे. प्रयोगातील मीठ कोणी चाखू नये, हेही आरंभीच सांगावे.

पहिला दिवस. पन्नास ग्रॅम मीठ अर्धा लिटर पाण्यात विरघळवावे. मुलांकडूनच ढवळून घ्यावे. मीठ दिसेनासे झाल्यावर विचारावे, “मीठ नाहीसे झाले की पाण्यातच आहे? आणि ते परत मिळेल का? मिळाले तर किती?” येथे उत्तर सांगण्याचा मोह शिक्षकांनी कटाक्षाने आवरावा. प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा. कोणी ‘मिळणार नाही’ असे लिहील, कोणी ‘थोडे मिळेल’ असे लिहील. चुकीच्या अंदाजास खोडू नये. त्याच अंदाजामुळे मूल पुढील आठवडाभर त्या भांड्याकडे पाहत राहणार आहे.

तेवढेच मीठ घातलेले अर्धा लिटर पाणी दुसऱ्या भांड्यासाठी तयार करावे. एक पाणी परातीत व दुसरे तांब्यात ओतून दोन्ही भांडी उन्हात, परंतु मुलांच्या नजरेसमोर ठेवावीत. ‘आधी कोणते आटेल आणि का?’ हाही अंदाज लिहून घ्यावा.

पुढील दिवस. रोज ठराविक वेळी दोन मुलांनी पट्टीने पाण्याची खोली मोजावी आणि तक्त्यात नोंदवावी. यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. चांगले ऊन असल्यास परातीतील पाणी दोन-चार दिवसांत आटते व तळाशी पांढरे कण दिसू लागतात. तांब्यातील पाणी आठवडा उलटला तरी पुष्कळसे शिल्लक असते. पाणी तेवढेच, मीठ तेवढेच, ऊनही तेच. मग फरक कशामुळे पडला? परातीत पाणी पसरलेले होते, उन्हास व वाऱ्यास लागणारा त्याचा पृष्ठभाग मोठा होता, हे मुले आता स्वतः सांगतात. मिठागराचे वाफे उथळ आणि रुंद का असतात, याचे उत्तर त्यांना पाठ करावे लागत नाही.

शेवटचा दिवस. परातीतील मीठ खरवडून, चांगले वाळवून त्याचे वजन करावे. ते पन्नास ग्रॅमच्या जवळपास भरेल. नेमके पन्नास भरेलच असे नाही. थोडे परातीस चिकटून राहिले असेल, किंवा थोडा ओलावा उरला असेल. या फरकाची कारणे मुलांनीच शोधावीत. अंदाज व निष्कर्ष यांची तुलना करण्याची ही पहिली शास्त्रीय सवय होय.

यातूनच गणिताचा पाठ निघतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तर एक किलोग्रॅम क्षारासाठी किती लिटर पाणी आटवावे लागेल? भागाकार केल्यावर जवळजवळ २९ लिटर हे उत्तर येते. त्यानंतर मुलांनी आठवड्याच्या निरीक्षणावर दहा ओळी लिहाव्यात. तो भाषेचा पाठ झाला. ज्याच्या घरी कोणी मिठागरावर काम केले असेल, त्याने आजी-आजोबांस विचारून चार गोष्टी वर्गात सांगाव्यात. पावसाळ्यात हे काम का थांबते, याचे उत्तर त्या आजोबांइतके चांगले कोणी देणार नाही.

उत्तन, पाली, चौक या भागांतील शाळांना दुसरा विषय जवळचा आहे : भरती-ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची. कोळीवाड्यातील जाणते लोक तिथीवरून भरतीची वेळ सांगतात. मुलांनी आठ दिवस घरच्या माणसांकडून वेळा विचारून तक्ता केला, तर वेळेची बेरीज-वजाबाकी, चंद्रकला आणि आपल्या गावचा व्यवसाय यांचा मेळ आपोआप बसतो. मुलांस एकटे किनाऱ्यावर मात्र पाठवू नये.

शिक्षकांच्या अडचणी

पहिली अडचण वेळेची सांगितली जाते. ती खरी आहे. परंतु वरील पाठात बाष्पीभवन, मापन, तक्तावाचन, भागाकार आणि निबंध ही पाच निरनिराळी कामे एकत्र झाली, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरी अडचण गोंगाटाची. पाच-सहा मुलांचे गट करावेत. एकाने मोजावे, एकाने लिहावे, एकाने साहित्य सांभाळावे, एकाने वर्गापुढे सांगावे आणि दर आठवड्यास ही कामे बदलावीत. कामात गुंतलेल्या मुलांचा आवाज आणि रिकाम्या मुलांचा आवाज यांतील भेद शिक्षकांस थोड्याच दिवसांत कळू लागतो.

तिसरी अडचण भाषेची. मीरा-भाईंदर येथे १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका झाली. या काळात वस्ती झपाट्याने वाढली आणि देशाच्या अनेक भागांतून कुटुंबे येथे आली. एकाच वर्गात घरी आगरी बोलणारे, कोळी बोलणारे, भोजपुरी वा गुजराती बोलणारे मूल बसते. नुसत्या व्याख्यानात यांतील काही मुले पहिल्याच आठवड्यात मागे पडतात आणि आपल्याला डोके नाही, असे समजू लागतात. हातातील परात, काटा व पट्टी यांना मात्र भाषा लागत नाही. जे मूल बोलत नाही तेच कधी कधी सर्वांत नेमके मोजते, आणि वर्गाचे त्याच्याकडे लक्ष जाते. शाळा सोडून जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत एवढ्या लहानशा प्रसंगानेही पुष्कळ फरक पडू शकतो.

चौथी अडचण पालकांची. ‘मुले शाळेत खेळतात, शिकत नाहीत,’ अशी तक्रार येते. तिला वादाने उत्तर देऊ नये. महिन्यातून एकदा पालकांस बोलवावे आणि मुलानेच आपली निरीक्षणवही त्यांना वाचून दाखवावी.

आरंभ

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ यातील कलम २९ अन्वये उपक्रम, शोध व अन्वेषण यांच्याद्वारे, बालस्नेही रीतीने शिकविणे अपेक्षित आहे. म्हणजे ही आता केवळ हौशी शिक्षकाची आवड राहिलेली नाही. तथापि कायद्याने वर्ग बदलत नाही. वर्ग बदलतो तो शिक्षकांच्या एका निश्चयाने.

सर्व पाठ एकदम बदलण्याचा प्रयत्न करू नये; तो पहिल्याच महिन्यात सुटतो. आठवड्यातून एक पाठ निवडावा. पाठटाचणात ‘शिक्षक काय सांगतील’ या रकान्याशेजारी ‘मुले काय करतील’ आणि ‘मुलांना कोणता प्रश्न पडेल’ असे दोन रकाने आखावेत. पाठ फसला तर का फसला, हे दोन ओळींत लिहून ठेवावे आणि केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत सांगावे. यशस्वी पाठांइतकेच फसलेले पाठही सहकाऱ्यांस उपयोगी पडतात.

बोर्डीच्या अंगणात १९४५ साली मोठी इमारत नव्हती, महाग साधने नव्हती. मुले शाळेत का येत नाहीत, हा प्रश्न मात्र तेथे प्रामाणिकपणे विचारला गेला. आपल्या वर्गात मुले येतात, पण त्यांचे मन येते का, हा प्रश्न आपण विचारावा. उत्तर शोधताना परातीतील पाणी व मूठभर मीठ एवढे साहित्य आरंभास पुरे आहे.