पक्षाघात आणि रक्ततपासणीतील अंक : वैद्याने काय वाचावे?

पक्षाघाताचा रुग्ण वैद्याकडे बहुधा दोन प्रसंगी येतो : आघात होताच, किंवा रुग्णालयातून परतल्यावर स्नेहन, स्वेदन व बस्तीसाठी. दोन्ही प्रसंगी रक्ततपासणीतील अंक काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आघाताच्या वेळी एकच अंक निकडीचा, तो रक्तशर्करेचा. शर्करा फार खाली गेल्यास हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात, म्हणून ग्लुकोमीटरने ती लगेच पाहावी. मात्र त्यापलीकडे वेळ दवडू नये. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे कोणतीही नेहमीची रक्ततपासणी सांगत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनच हवा. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. गिळण्याची शक्ती तपासल्याखेरीज तोंडावाटे काढा, चूर्ण वा पाणी देऊ नये.

रुग्ण घरी परतल्यानंतर तीन अंकांकडे लक्ष द्यावे.

१) ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन : यावरून मागील दोन-तीन महिन्यांतील शर्करेची सरासरी कळते. लोहाच्या कमतरतेमुळे आलेल्या पांडुरोगात हा अंक खोटा वाढू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन सोबत पाहावे.

२) एलडीएल कोलेस्टेरॉल : धमनीकाठिन्यामुळे आघात झालेल्या रुग्णांत हा अंक ७० मिलिग्रॅमच्या खाली ठेवल्यास, ९० ते ११० दरम्यान ठेवण्यापेक्षा, पुढील हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार कमी होतात, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स व दक्षिण कोरियातील अभ्यासात आढळले.

३) होमोसिस्टीन : बी-१२ च्या अभावी हा अंक वाढतो. पुण्यातील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांत तो वाढलेला होता. अभाव असल्यास तो अवश्य भरून काढावा. परंतु २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात जीवनसत्त्वांच्या अधिक मात्रेने होमोसिस्टीन उतरले, तरी दुसरा आघात टळण्याचे प्रमाण वाढले नाही. अंक उतरला म्हणजे व्याधी टळली, असे होत नाही.

याच्या उलट बाजूची चूक अधिक घातक ठरते. अहवालात एलडीएल ६५ दिसते आणि रुग्ण म्हणतो, "आता गोळ्या बंद करू ना?" हा अंक बहुधा त्या गोळ्यांमुळेच आलेला असतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा तर कोलेस्टेरॉलच्या अंकाशी संबंधच नाही. त्या परस्पर थांबविल्यास पुन्हा आघात होण्याचा धोका वाढतो.

गुग्गुळाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अमेरिकेत झालेल्या २००३ च्या अभ्यासात आठ आठवडे गुग्गुळाचा प्रमाणित अर्क दिल्यावर एलडीएल उतरले नाही, उलट किंचित वाढले. शास्त्रोक्त कल्पांतील गुग्गुळाचे स्थान यामुळे नाहीसे होत नाही. परंतु स्टॅटिनच्या जागी तो देण्यास आधार उरत नाही.

चरकाचार्यांनी संतर्पणजन्य विकारांत प्रमेहाची गणना केली आहे, आणि मेदाने आवृत झालेल्या वाताचा विचारही आपल्या शास्त्रात आहे. ही दृष्टी आहार, व्यायाम व दिनचर्या ठरविण्यास मोलाची आहे. मात्र 'एलडीएल म्हणजेच आम' अशी सोपी समीकरणे मांडू नयेत.

शेवटी, पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण, म्हणजे उच्च रक्तदाब, कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. म्हणून अहवाल कितीही चांगला असला तरी प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजावा, नाडी अनियमित लागल्यास ईसीजी करवावा. औषध-विक्रेत्या बंधूंनीही पक्षाघाताच्या रुग्णास चालू गोळ्यांऐवजी दुसरे औषध स्वतःहून सुचवू नये, त्यास वैद्याकडे पाठवावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.