एक थाप माफ!

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवत होतो. तरफेचा पाठ चालू होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मुंगी स्वतःपेक्षा कितीतरी जड दाणा उचलते ना? मग ती हत्तीएवढी झाली तर घर उचलेल का?" सुटीत त्यानं राक्षसी मुंग्यांचा कुठलासा सिनेमा पाहिला होता. अभ्यासक्रम संपवायची घाई होती. आम्ही म्हणालो, "सिनेमात काय, वाट्टेल ते दाखवतात. बस खाली." वर्ग हसला, मुलगा बसला. त्या वर्षात त्यानं पुन्हा एकदाही हात वर केला नाही.

ही गोष्ट आम्हाला अजून टोचते. त्याला एक कारण असं की, आम्ही स्वतः या साहित्याचे जुने शौकीन. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा आम्ही भूगोलाच्या पुस्तकाआड दडवून वाचल्या आहेत. विज्ञानकथा, भयकथा, हाणामारीचे सिनेमे यांतलं आम्हाला काहीच वर्ज्य नाही. मग त्या मुलाचा प्रश्न आम्ही उडवून का लावला? त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज देऊ या.

आधी या गोष्टींकडे पाहण्याचा आमचा एक नियम सांगतो. लेखकाला एक थाप माफ. 'समजा, माणूस अदृश्य झाला', 'समजा, मुंगी हत्तीएवढी झाली' असं त्यानं खुशाल म्हणावं, आपण ते मान्य करू. पण त्या एका थापेनंतर बाकीचं जग मात्र नेहमीच्या नियमांनी चाललं पाहिजे. थापेतून जे जे निघतं ते लेखकानं प्रामाणिकपणे दाखवलं, तर ती गोष्ट चांगली. आता हा नियम लावून काही गोष्टी तपासू.

मुंगी हत्तीएवढी झाली तर?

१९५४ साली 'देम' नावाचा एक अमेरिकन चित्रपट आला. अणुबाँबच्या चाचणीनंतर न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात माणसाहून मोठ्या मुंग्या निपजतात, अशी त्याची कल्पना. त्याच वर्षी जपानमध्ये 'गोजिरा' म्हणजेच गॉडझिला पडद्यावर आला. त्याची उंची ५० मीटर.

त्या मुलाच्या मुंगीचा हिशेब करू. आपली मुंगी १ सेंटिमीटर लांब आणि १० मिलिग्रॅम वजनाची आहे, आणि ती स्वतःच्या वजनाच्या २० पट, म्हणजे २०० मिलिग्रॅम ओझं उचलते, असं धरू. आता तिची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ३०० पट करू. ती ३ मीटर लांब होईल. तिचं वजन किती होईल? वजन घनफळावर ठरतं, म्हणून ते ३०० × ३०० × ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख पट होईल. मुंगी २७० किलोची झाली.

आणि तिची ताकद? स्नायूची ताकद त्याच्या लांबीवर ठरत नाही, जाडीवर ठरते. नेमकं सांगायचं तर स्नायू आडवा कापला असता जो पृष्ठभाग दिसेल, त्याच्या क्षेत्रफळावर ठरते. दोर किती भार पेलेल हे त्याच्या जाडीवरून कळतं, लांबीवरून नाही, तसंच हे. म्हणून ताकद वाढेल ती ३०० × ३००, म्हणजे ९० हजार पट. २०० मिलिग्रॅमच्या ९० हजार पट म्हणजे १८ किलो.

म्हणजे वजन २७० किलो आणि ताकद १८ किलो उचलण्याची! घर उचलणं दूरच राहिलं, या मुंगीला स्वतःच्या पायांवर उभंही राहता येणार नाही. श्वासाची गत आणखी वाईट. मुंगीला फुप्फुसं नसतात. अंगावरच्या छिद्रांतून आत गेलेल्या बारीक नळ्यांमधून ऑक्सिजन मुख्यतः विसरणानं पेशींपर्यंत पोचतो. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर ३०० पट झालं की वेळ ९० हजार पट लागणार. तोवर मुंगी गुदमरलेली असेल. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी दोन फुटांहून जास्त पंखविस्ताराचे चतुरासारखे कीटक होऊन गेले. त्या काळी हवेत ऑक्सिजनचं प्रमाण आजच्यापेक्षा जास्त असावं, असा अंदाज आहे. कीटकांची मजल तिथवर गेली, हत्तीपर्यंत गेली नाही.

हा विचार नवा नाही. गॅलिलिओनं १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात दोन हाडांचं चित्र दिलं आहे. एक लहान हाड, आणि दुसरं त्याच्या तिप्पट लांब पण भलतंच जाड. मोठ्या प्राण्याला तेच काम करायला हाड किती बेढब जाड व्हावं लागेल, हे त्यात दाखवलं आहे. हत्तीचे पाय खांबांसारखे का असतात, याचं उत्तर त्या चित्रात आहे. १९२६ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी याच विषयावर एक सुरेख निबंध लिहिला. हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

गंमत म्हणजे 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (१७२६) लिहिणाऱ्या स्विफ्टला यातली निम्मी गोष्ट ठाऊक होती. गलिव्हर लिलिपुटच्या माणसांच्या १२ पट उंच. त्याला जेवण किती लागेल, हे तिथले गणिती उंचीवरून नव्हे तर घनफळावरून काढतात. १२ × १२ × १२, म्हणजे सुमारे १७०० जणांचं जेवण. पण पुढे गलिव्हर १२ पट मोठ्या माणसांच्या देशात जातो, तेव्हा ते राक्षस आपल्यासारखेच ऐटीत चालतात. त्यांच्या पायांच्या हाडांवर १२ पट ताण येईल, हे स्विफ्टच्या ध्यानात आलं नाही.

अदृश्य माणसाचे डोळे

आता एका चांगल्या थापाड्याकडे वळू. एच. जी. वेल्स काही काळ शाळामास्तर होता आणि त्यानं जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तकही लिहिलं होतं. १८९७ साली त्याची 'द इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यातला ग्रिफिन हा संशोधक आपल्या शरीराचा अपवर्तनांक हवेइतका करतो आणि अदृश्य होतो. थाप एवढी एकच.

या थापेमागचं विज्ञान मात्र खरं आहे, आणि ते वर्गात दाखवता येतं. एका चंचुपात्रात ग्लिसरीन घ्या. त्यात बोरोसिलची काचकांडी उभी धरा. कांडीचा बुडालेला भाग जवळजवळ नाहीसा होतो! या काचेचा आणि ग्लिसरीनचा अपवर्तनांक साधारण १.४७ आहे. त्यामुळे त्यांच्या सीमेवर प्रकाश वळतही नाही आणि परावर्तितही होत नाही. तीच कांडी पाण्यात धरली तर स्पष्ट दिसते, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे.

आता वेल्सचा प्रामाणिकपणा पाहा. शरीर अदृश्य झालं तरी कपडे होत नाहीत, म्हणून ग्रिफिनला लंडनच्या ऐन जानेवारीत उघडं फिरावं लागतं. खाल्लेलं अन्न अंगी लागेपर्यंत पोटात दिसत राहतं. पावलांचे ठसे उमटतात. पापण्याही पारदर्शक, त्यामुळे डोळे मिटून अंधार करता येत नाही. अदृश्य होणं म्हणजे चैन असं वाटत असतं, त्याची वेल्सनं शिक्षा करून दाखवली.

एक अडचण तरीही उरते. दिसायचं तर दृष्टिपटलानं प्रकाश शोषला पाहिजे. पूर्ण पारदर्शक डोळा प्रकाश शोषणारच नाही, म्हणजे अदृश्य माणूस आंधळा असणार. वेल्सला याची जाणीव होती. आरशात पाहताना ग्रिफिनला दृष्टिपटलामागे धुक्याहून फिकट असा रंगाचा अंश तेवढा दिसतो, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. पण डोळ्याच्या भिंगाचाही अपवर्तनांक हवेइतका झाला, तर ते प्रकाश वळवणार कसं आणि प्रतिमा पडणार कशी? इथे मात्र वेल्सनं डोळेझाक केली आहे. आम्ही त्याला दहापैकी नऊ गुण देतो.

आपला 'मिस्टर इंडिया' (१९८७) तपासला तर कपड्यांसकट अदृश्य होण्याबद्दल गुण कापावे लागतील. पण लाल प्रकाशात तो दिसतो, हा नियम चित्रपटानं एकदा घालून घेतला आणि पाळला. त्याचे गुण द्यायलाच हवेत.

न सांगितलेल्या थापा

हाणामारीच्या सिनेमांवर आमचा राग आहे तो वेगळ्या कारणानं. तिथे 'समजा' असं कुणी म्हणतच नाही. नायक पिस्तूल झाडतो आणि खलनायक दहा फूट मागे उडून काच फोडून पडतो. हे खरंच असं होतं, असं आपण धरून चालतो.

हिशेब साधा आहे. गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटर. संवेग ०.००८ × ३५० = २.८. ती ७० किलोच्या माणसात रुतली, तर त्याला मिळणारा वेग २.८ ÷ ७० = ०.०४, म्हणजे सेकंदाला ४ सेंटिमीटर. धावत्या मुंगीइतका! शिवाय न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं गोळी झाडणाऱ्यालाही निदान तेवढाच धक्का बसायला हवा. खलनायक उडणार असेल तर नायकानंही उलट दिशेला उडावं. गोळी लागलेला माणूस कोसळतो तो जखमेमुळे, धक्क्यानं फेकला जाऊन नव्हे.

पिशाच्चांची बेरीज

भयकथेत विज्ञान कसलं, असं कुणी म्हणेल. वेल्सची कादंबरी आली त्याच वर्षी ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आली. पुढच्या अनेक सिनेमांनी रक्तपिपासूंचा नियम सोपा करून टाकला. ज्याला चावा, तो रक्तपिपासू. समजा, असा प्रत्येक जण महिन्याला एकाच माणसाला चावतो. सुरुवात एकापासून. महिन्यानंतर २, मग ४, मग ८. ३३ महिन्यांनी, म्हणजे पावणेतीन वर्षांत, त्यांची संख्या ८५८ कोटींच्या वर जाते. जगाची लोकसंख्या २०२२ साली ८०० कोटी झाली. म्हणजे चावायला कुणी उरलंच नाही!

पण या हिशेबातली खरी भीती वेगळीच आहे. २३ महिने झाले तेव्हा ही संख्या फक्त ८४ लाखांच्या आसपास होती, म्हणजे हजारात एक. तेव्हा कुणाला फारशी काळजी वाटली नसती. त्यानंतर दहा महिन्यांत सगळं संपलं. मार्च २०२० मध्ये देशात टाळेबंदी झाली, तेव्हा करोनाच्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या हजाराच्याही आत होती. टाळेबंदी योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण 'एवढ्याशा आकड्याला काय घाबरायचं?' असं अनेक शिकलेली माणसं विचारत होती. दुपटीची श्रेढी त्यांनी शाळेत सोडवलेली होती, तिची धास्ती मात्र त्यांना कुणी दाखवली नव्हती.

खऱ्या साथीत ही दुप्पट शेवटपर्यंत चालत नाही. लागण न झालेली माणसं कमी होत जातात तसा वेग मंदावतो. २००९ साली कॅनडातल्या काही गणितज्ञांनी सिनेमातल्या चालत्या प्रेतांची 'साथ' धरून तिचं गणित मांडलं. गंमत म्हणून केलेलं असलं, तरी समीकरणं रोगांच्या साथींना वापरतात त्याच जातीची होती. निष्कर्षही ओळखीचाच होता. आवरायचं तर सुरुवातीलाच आणि जोरात.

वर्गात काय करावं?

आपले विद्यार्थी हे सगळं पाहतात, वाचतात. त्यावर बंदी घालून उपयोग नाही, आणि 'ते सगळं खोटं असतं' हे वाक्य तर त्यांना आधीच ठाऊक असतं. त्याऐवजी दोन प्रश्न फळ्यावर लिहावेत. पहिला : या गोष्टीतली माफ करायची थाप कोणती? दुसरा : ती खरी मानली, तर आणखी काय काय खरं असावं लागेल?

दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. तो सिनेमापुरता राहत नाही. पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा करणारा, सर्व रोगांवर एकच चूर्ण विकणारा, दोन महिन्यांत पैसे दामदुप्पट करून देणारा, असा कुणी उद्या या मुलांच्या दाराशी येईल. तो 'समजा' म्हणणार नाही. तेव्हा हाच प्रश्न त्यांच्या कामी येईल.

मुंगीसाठी तर सामानही लागत नाही. सारख्या आकाराचे २७ लाकडी ठोकळे घ्या. एक ठोकळा वेगळा ठेवा. आठांचा दुप्पट बाजूचा घन करा. मग सगळे २७ वापरून तिप्पट बाजूचा करा. प्रत्येक वेळी तळाशी किती ठोकळे आहेत आणि एकूण किती, हे मुलांनाच मोजू द्या. १ आणि १, ४ आणि ८, ९ आणि २७. तळाच्या प्रत्येक ठोकळ्यावर किती ओझं आलं, हे मुलं आपण होऊन सांगतील.

त्या दिवशी आम्हाला एवढं करायला दहा मिनिटं लागली असती. तरफेचा पाठ दुसऱ्या दिवशी संपला असता. आपल्या वर्गात असा हात वर झाला, तर ती दहा मिनिटं जरूर द्या. आणि मुलांनी एखाद्या कथेतली थाप हिशेबानं पकडली, तर आम्हालाही कळवा.