धान निघाल्यावर बुरशीची पाळी

गोंदिया जिल्ह्यात धान निघालं की बांधीतली ओल उडायच्या आत हरभरा, जवस पेरायची घाई सुरू होते. सोबत डीएपीची गोणी फुटते. शंभर किलो डीएपीत ४६ किलो स्फुरद असतं. पहिल्या हंगामात त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा पिकाला मिळतो. बाकीचं जमिनीतलं लोह, ॲल्युमिनियम किंवा चुना धरून ठेवतो. परदेशातून येणाऱ्या कच्च्या मालावर बनलेलं एवढं महाग खत असं मातीत अडकून पडावं, हे खरोखर जिवाला लागणारं आहे.

स्फुरद मातीत जवळजवळ हलतच नाही. मुळालगतचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की साठा शेजारी असूनही मूळ उपाशी राहतं. तिथे मायकोरायझा ही बुरशी कामाला येते. तिचे तंतू केसाहून कितीतरी बारीक. मूळ पोचत नाही त्या फटींतून ते काही सेंटीमीटर लांब जातात आणि स्फुरद ओढून आणतात. असं मूळ निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर पेशीपेशीत फांद्या फुटलेलं इवलंसं झाड दिसतं. देवघेव तिथेच होते: बुरशी स्फुरद देते, पीक साखर देतं. जर्मनीच्या फ्रांक यांनी १८८५ मध्ये या जोडीला नाव दिलं.

बुरशी स्फुरद तयार मात्र करत नाही. जमिनीत ते नसेल तर ती आणणार कुठून? उलट डीएपी भरमसाट पडलं, तर पीकच तिला थारा देत नाही. म्हणून आधी माती परीक्षण, मग बेताचं खत आणि जोडीला बुरशी.

धानाचं गणित वेगळं. पाणी भरलेल्या बांधीत लोहाने धरलेलं स्फुरद आपोआप मोकळं होतं, आणि हवेअभावी बुरशी मंदावते. रोवणीनंतर ती टाकण्यात फारसा अर्थ नाही. द्यायचीच तर पऱ्ह्यांना, तेही वाफ्यात पाणी साचत नसेल तर. महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिलेल्या जमिनीतली मूळची बुरशीही रोडावते. त्यामुळे पुढच्या हरभऱ्याला, जवसाला ती बाहेरून देणं जास्त पटतं. धुऱ्यावरच्या तुरीलाही चालते. मोहरीच्या मुळांशी मात्र तिचं जमत नाही.

ती बियाण्याखाली, मुळाला भिडेल अशी पडायला हवी. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक तिलाही मारक ठरतं. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही. दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने ती प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांवर वाढवली. पाकिटातला माल जिवंत असतो, तेव्हा तारीख पाहूनच घ्यावा आणि उन्हात ठेवू नये. कोणत्या जमिनीला किती, हे पेरणीआधी हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घेता येईल.